मावशीचा पाळणा

परके राज्यकर्ते गेले तेव्हा संग्रहालयात त्यांच्या तसबिरी आणि त्यांनी मारलेल्या जनावरांची मुंडकी तेवढी उरली होती. ती आम्ही तळघरात टाकली. रिकामी दालनं आपल्या माणसांच्या वस्तूंनी भरा, असं मीच बैठकीत ठणकावून सांगितलं. नोकरी नवी होती आणि अंगात वारं शिरलं होतं. गावी जाऊन मावशीचा लाकडी पाळणा उचलून आणला. "दोन महिन्यांत परत देतो," म्हणालो. तिच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता.

त्याला तेवीस वर्षं झाली. मावशीने कधी विषय काढला नाही. मीच तिच्या घरी जायचं टाळत राहिलो.

काल ती तिकीट काढून आली आणि मला न भेटता सरळ दालनात गेली. मी दारातून पाहत होतो. तिने पाळण्याला हात लावला, तसा रखवालदार म्हणाला, "आजी, वस्तूंना हात लावायचा नाही." तिने चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला.

मग मात्र माझ्याच्याने राहवेना. "मावशी, मी कागद करतो. घेऊन जा."

"आता कुणाला निजवू? चारही नातवंडं जमिनीवर झोपून मोठी झाली." ती खालची पाटी वाचत होती. संग्राहक म्हणून तिथे माझं नाव होतं. "साहेबाने नेला असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुला कशा देऊ? तुला ह्यातच जोजवलंय मी."