जीभ वर कर

सुप्याजवळच्या त्या गावात रुपालीताईंच्या हातून गोळी चुकवणारी पोर अजून जन्माला यायची होती. त्या गावच्या आरोग्यसेविका, 'आशा'. शाळेत रक्तवाढीच्या, लोहाच्या गोळ्या वाटायच्या दिवशी पोरींना रांगेत उभं करायचं, गोळी गिळली की लगेच फर्मान, "तोंड उघड. जीभ वर कर!" अन् अशा बाईच्या घरात स्वतःचीच लेक पांढरीफटक! बाया तोंडावर बोलायच्या. मग काय, इतर पोरींना आठवड्याला एक, तर प्रज्ञाला रोज एक. नऊ वर्षांची होती तेव्हापासून, सलग सहा वर्षं. वर लोखंडी कढईतली भाजी, गूळ-शेंगदाणे. एकदा दप्तरात थुंकलेल्या गोळ्या सापडल्या, तेव्हा पोरीला असं बदडलं की शेजारची आक्काबाई मध्ये पडली.

तरी रक्त काही वाढेना. पोटात उजवीकडं दुखायला लागलं तेव्हा तिला नगरला नेलं. तपासण्या झाल्या आणि सुमेधा डॉक्टरांनी रिपोर्ट पुढं ठेवला.

"हिला जन्मापासून थॅलेसेमिया आहे, ताई. रक्त बनता बनताच मोडतं. लोह कमी नाहीच, उलट नको तेवढं साचलंय."

"आसं कसं साचंल?"

"यकृत एक संप्रेरक सोडतं, हेप्सिडिन. पुरेसं लोह झालं की ते आतड्याला सांगतं, बास, आता आत घेऊ नको. हिच्या शरीराला रक्त बनवायची एवढी घाई, की ते संप्रेरकच दबून जातं. थांबवणारं कुणी नाही. आणि साचलेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नसते. ते यकृतातच बसलंय."

"मंग काढा की बाहेर!"

"औषधानं हळूहळू निघेल. पण यकृत जिथं कडक झालंय, ते पुन्हा पहिल्यासारखं होईल असं मी नाही सांगू शकत."

रुपालीताईंनी शिव्या तरी कुणाला घालाव्यात? भरवणारा हात त्यांचाच होता. त्यांना धाय मोकलून रडायचं होतं, पण शेजारी लेक बसली होती.

घरी येऊन प्रज्ञाला जेवायला घातलं. आता लोह काढायची नवी गोळी द्यायची होती. रुपालीताईंनी ती तळहातावर घेतली खरी, पण हात काही पुढं होईना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गोळीची भीती वाटली.

शेवटी प्रज्ञानंच ती उचलली, पाण्याबरोबर गिळली. मग कुणी न सांगताच आईसमोर उभी राहिली, तोंड उघडलं, जीभ वर केली.

"बघ ना आई," ती म्हणाली, "खरंच गिळली."