टीपॉयमधला उंबरठा

उंबरठ्याला हळद-कुंकू लागल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हे राहीबाईंचं तीस वर्षांचं व्रत. पण कामतघर गावातल्या नव्या घराला उंबरठाच नव्हता. जमीन गोडाऊनला विकली, तिच्यावरचं घर पाडलं, आणि इथे प्रत्येक दाराला संगमरवराची पट्टी आली. जुन्या दाराचा सागवानी उंबरठा तेवढा राहीबाईंनी टेम्पोत घालून आणला. तो मागच्या पडवीत भिंतीकडेला पडलेला असे. रोज सकाळी त्या तिथे वाकत आणि गुडघे कुरकुरत. केसरीनाथ म्हणत, घराला चार दारं असताना बायको मागं जाऊन लाकडाच्या पाया पडते.

एका सकाळी त्यांची सून मृणाली पडवीत आली. "आई, ही फळी मला हवी होती."

दीड वर्षात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. कल्याणची नोकरी सोडून ती लग्न होऊन आली, तेव्हापासून सोफ्याच्या कडेला अशी टेकलेली असे, जणू एसटीची वाट बघतेय. आता टीव्हीवर बघून तिला घरच्या घरी टीपॉय बनवायचा होता. तिच्या नवऱ्याने, प्रितेशने, गोडाऊनमधून पॅकिंगच्या फळ्या आणल्या होत्या. मोडक्या पलंगाचे पायही होते. मधे बसवायला एक जाड फळी तेवढी कमी पडत होती.

'नाही' तोंडाशी आलं होतं. पण पोरीच्या डोळ्यांत कधी नव्हे ते काहीतरी हललं होतं, आणि त्यावर पाणी ओतायचं बळ राहीबाईंच्या अंगात नव्हतं. "घे," त्या म्हणाल्या. त्या दिवशीची पूजा उरकली, पाणी प्यायल्या. पुढचं देवावर टाकलं.

मग दोन दिवस करवत आणि पॉलिश पेपर. मृणाली घाशी, राहीबाई दुसरं टोक दाबून बसत. पहाटे ती उठायच्या आत त्या लाकडावरचा भुसा पुसत, दोन बोटं टेकवत आणि मग चहाचं आधण ठेवत.

तिसऱ्या दिवशी मृणालीने पांढरा ऑइलपेंट दिला. मधल्या फळीची दोन्ही टोकं गुलाबी झाली. दुसरा हात दिला, तरी गुलाबीच.

"आई, याला काय लागलंय? रंग धरतच नाही."

राहीबाई ओट्याला टेकल्या आणि त्यांनी हळूहळू सांगून टाकलं. आधी त्यांच्या सासूने लावलं, मग त्यांनी. तेलात कालवलेलं कुंकू, ते मुरलं लाकडात. "उंबरठा हाय तो, आपल्या जुन्या दाराचा."

मृणाली ब्रश तसाच धरून उभी राहिली. "मग मला दिलात कशाला?"

"तू मागितलास."

दिवसभर बसून तिने ब्लेडने मधल्या फळीचा रंग खरवडला. कडेच्या फळ्या पांढऱ्याच ठेवल्या, त्यांवर बारीक हिरवी वेल काढली. कुंकवाच्या दोन जागा उघड्या राहिल्या.

टीपॉय हॉलमध्ये आला, पण राहीबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. उंबरठा ओलांडायचा असतो, त्यावर पाय द्यायचा नसतो. पण टीपॉय दिसल्यावर हे कोणाला आठवणार?

रविवारी अंबाडीहून पंढरीशेठ आले. केसरीनाथांच्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्याचा सौदा त्यांच्याच हातात होता. शेठ सोफ्यावर रेलले, आणि बोलता बोलता त्यांनी दोन्ही पाय टीपॉयवर टाकले.

राहीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या. केसरीनाथांनीही बघितलं आणि मग पंख्याकडे बघत राहिले. पाहुण्यापुढे बोलायची सवय राहीबाईंना कधी लागलीच नव्हती. आता या वयात कुठे लावून घ्यायची? संध्याकाळी देवापुढे बसून क्षमा मागू, असं त्यांनी मनाशी ठरवलंही.

"काका, पाय खाली घ्या," मृणाली म्हणाली. "उंबरठा हाय तो."

शेठनी दाराकडे बघितलं, मग टीपॉयकडे.

"आमचे घरान तो हॉलमंदी चालत आला," केसरीनाथ म्हणाले. "घ्या खाली, शेठ. सूनबाई काय ऐकनार न्हाय."

शेठ हसले नाहीत. पण पाय उतरवले, आणि सवयीने हात लाकडाला लावून कपाळाला नेला.

राहीबाईंनी कप मांडले, कुंकवाच्या जागा सोडून. मग त्या मृणालीच्या शेजारी सोफ्यावर बसल्या आणि गुडघे मोकळे केले. चहा गार झाला होता. तो पुन्हा तापवायला कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या हळद-कुंकवाची वाटी घेऊन हॉलमध्ये आल्या. वाकावं लागलं नाही. बसल्या जागेवरून बोटं पोचत होती.