मोजणीचा आठवडा

रेल्वे स्टेशन बंद होऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा कुठे गावाला त्याच्यावरचं आपलं प्रेम आठवलं. गाड्या येत होत्या तोवर तिकीटबाईंच्या खिडकीपुढे माणूस दिसणं ही बातमी असायची. आता स्मृती समिती निघाली होती आणि तिचे अध्यक्ष होते बसवाले. त्यांच्याच बसगाड्या स्टेशनसमोरून रेल्वेच्या पाच मिनिटं आधी सुटायच्या. स्टेशनचा एवढा बारीक विचार दुसऱ्या कोणी केला होता?

इतिहास लिहायचं काम शाळेतल्या निवृत्त गुरुजींकडे आलं. ते माहितीसाठी तिकीटबाईंच्या घरी गेले. बाईंनी सांगितलं की स्टेशन कुणाच्या प्रयत्नांनी आलं नव्हतं. वाफेच्या इंजिनाला तिथे पाणी लागायचं, म्हणून टाकी बांधली आणि टाकीशेजारी फलाट झाला. पुढे इंजिनं बदलली. स्टेशन मात्र कुणाच्या लक्षातच न आल्यामुळे आणखी तीस वर्षं टिकलं. मग लक्षात आलं आणि वरून एक साहेब आठवडाभर प्रवासी मोजायला आले. नेमकी त्याच आठवड्यात बसवाल्यांना समाजसेवेची उबळ आली. त्यांनी बस फुकट केली.

बाईंनी मग सासूबाईंना गाडीत बसवलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई कुरकुरत्या गुडघ्यांनी रोज सकाळी पुढच्या स्टेशनला जायच्या आणि दुपारी परत यायच्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, रोज तिकडे काय काम असतं.

"काम कसलं," सासूबाई म्हणाल्या, "सून घरात बसू देत नाही."

साहेब हळहळले. आठवड्याचे एकूण प्रवासी भरले नऊ, त्यात सात वेळा सासूबाई.

गुरुजींनी सगळं मान डोलावत लिहून घेतलं. पुस्तिकेत छापून आलं ते असं: टाकी अध्यक्षांच्या आजोबांच्या पाठपुराव्याने झाली, आणि स्टेशनच्या पडत्या काळात अध्यक्षांनी मोफत बस चालवून मोलाची साथ दिली.

प्रकाशन फलाटावरच झालं. सर्वांत वृद्ध प्रवासी म्हणून सासूबाईंना हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मलाही फुकट बसनेच जायचं होतं. सगळा गाव गेला. पण सून म्हणाली, गाडीत कोणी दिसलं नाही तर स्टेशन जाईल. म्हणून मी दिसत राहिले."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आभार प्रदर्शन लवकर उरकलं.

महिन्याभरात पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली. घरचीच माणसं प्रवासी म्हणून दाखवण्याच्या कर्मचाऱ्यांच्या वृत्तीमुळे स्टेशन बंद पडलं, असं तिच्यात लिहिलं होतं. गुरुजी त्यानंतर बाई दिसल्या की रस्ता बदलू लागले.

बाईंना ते फार लागलं. स्वतःवर आलेल्या ठपक्यापेक्षा सासूबाईंची फरफट त्यांना जास्त टोचत होती.

"तुम्हाला उगाच हिंडवलं मी," एका दुपारी त्या म्हणाल्या.

"उगाच कसलं?" सासूबाई म्हणाल्या. "सात दिवस खिडकी मिळाली मला. लग्न झाल्यापासून इतकी निवांत कधी बसले होते? त्या साहेबाला महिनाभर मोजायला सांगायचं होतंस."

बाई हसल्या, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे गुडघे दाखवायला शहरात जायचं होतं. दोघी बसवाल्यांच्याच बसने गेल्या. गावात दुसरं काही येत नव्हतं.