आधी रंग विचारायचा

नवीने कोटाच्या बाह्या ओढून बोटांच्या टोकापर्यंत आणल्या आणि काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, रंग कोणता आवडतो?"

आजोबा गोंधळले. त्यांना मफलर हवा होता, आणि तो गरम असला की झालं, रंगाचं काय घेऊन बसलीस, असं त्यांचं म्हणणं. पण या काउंटरवर पाळकीणबाईंचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोचा, कायदा चालायचा. कपडा मागायला आलेल्या माणसाला आधी रंग विचारायचा, माप नंतर. गरजवंताला रंग कोण विचारतं, म्हणून आपण विचारायचा, एवढंच कारण त्यांनी नवीला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आजोबांनी बराच विचार करून हिरवा सांगितला. तो मिळाला, आणि स्वारी आरशापुढे जी उभी राहिली ती हलेचना. नवीला हसू फुटलं आणि पाठोपाठ शिंकांची माळ लागली.

नवी ही मिशनची इंटर्न. वर्षभरासाठी परदेशी आलेली, म्हणजे ना धड पाहुणी, ना धड नोकर. पुढची इंटर्न येईपर्यंत सगळे तिला नवीच म्हणणार होते. घरून निघताना आपण गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरणार, अशी तिची समजूत. वाट्याला आली चर्चच्या तळघरातली कपड्यांची खोली. लोकांनी दिलेले कपडे धुवायचे, बटणं लावायची, घड्या घालायच्या. आधी हिरमुसली, मग रमली. पाळकसाहेब जेवणाआधी तिच्या घरच्यांसाठी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. शेजारपाजारचे हक्काने जेवायला बोलवायचे. झोपताना प्रभूचे उपकार मानता मानताच तिचा डोळा लागायचा. सोसत नव्हती ती फक्त थंडी.

अंगातला निळा कोट आईने शिवलेला. आई शिलाईकाम करणारी, हात सुरेख, पण थंडी कशाशी खातात हे तिच्या गावाला ठाऊक नव्हतं. तिने आपल्या अंदाजाने जाड कापड घेतलं, अस्तर लावलं, आत चोरखिसा केला. आळीतल्या बायका मुद्दाम बघून गेल्या. इथला वारा मात्र त्या कोटाला हिंग लावून विचारत नव्हता.

हे आईला सांगणार कसं? आई लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात होती. तिथे परदेशातून कपड्यांची गाठोडी यायची. मुलींना रांगेत उभं करून वाटप व्हायचं, हातात पडेल ते मुकाट्याने घ्यायचं. आईच्या हातात पडला एक तपकिरी पुरुषी कोट, गुडघ्याखाली येणारा. मुलींनी तिचं नाव 'काकासाहेब' ठेवलं आणि ते शाळा सुटेपर्यंत चिकटलं. आई अजूनही ते सांगताना स्वतःच हसते. पण दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा तिने पोरींच्या अंगावर कधी येऊ दिला नाही. माझी मशीन चालतेय तोवर नाही, म्हणायची. म्हणून दर रविवारी फोनवर नवी सांगायची की कोट एकदम गरम आहे. पाळकीणबाईंनी खोलीतला एखादा घे म्हणून किती सांगून पाहिलं, पण आपल्याला थंडी वाजतच नाही, हा तिचा हेका.

आजोबा गेले आणि जिनेवाली आली. समोरच्या इमारतींचे जिने धुणारी ही बाई, म्हणून सगळ्यांची जिनेवाली. हिवाळ्याच्या तोंडावर नातवासाठी स्वेटर न्यायला आली होती आणि स्वतःसाठी काही घ्यायला काही केल्या तयार नव्हती. नवीनेच तिची समजूत काढून तिला लाल कोट घ्यायला लावला. आज तोच घालून, नातवाला आखूड झालेला स्वेटर धुऊन परत द्यायला आली होती. स्वेटर देताना तिचा हात नवीच्या हाताला लागला. तिने तो हात सोडलाच नाही. नवीच्या कोटाची कड दोन बोटांत धरून पाहिली, मग काउंटरची फळी वर केली आणि सरळ आत आली.

"जा, तिकडे उभी राहा."

"कुठे?"

"लोक राहतात तिथे."

नवी हसत हसत गेली. म्हटलं, बाईला आज गंमत सुचलेली दिसतेय. जिनेवालीने दोन्ही तळवे काउंटरवर टेकवले, हुबेहूब नवीसारखे.

"रंग कोणता आवडतो?"

दिवसभर जगाला हाच प्रश्न विचारणाऱ्या पोरीने रंग सोडून दुसरंच सुरू केलं. ती भडाभडा बोलत सुटली. कोट आईने शिवलाय, आईच्या जिवाला लागेल, तपकिरी कोट, काकासाहेब, सगळं. जिनेवालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला काय म्हणाली होतीस? देणारा वर आहे, आपण सगळे घेणारेच. त्या सगळ्यांत तू नव्हतीस का?"

नवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"वांगी," ती म्हणाली. "वांगी रंग."

जिनेवालीने अख्खी खोली पालथी घातली, पण वांगीच शोधून काढला. नवी निळा कोट उतरवायला लागली तर तिने हात धरला. आईचा आत राहू दे म्हणाली, अंगाला तोच लागू दे. वांगी कोट वरून चढला, बटणं लागली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवीच्या पाठीला ऊब आली. देव तुमचं भलं करो, हे तिने इथे कितीदा ऐकलं होतं. आज ते तिने स्वतः म्हटलं, आणि तिला फार बरं वाटलं.

रविवारी उपासना झाल्यावर तिने कोट घालूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. लपवायचं नाही, असं ठरवलं होतं. आईची नजर आधी खांद्याच्या शिवणीवर गेली.

"हा कुणाचा?"

नवीने वाऱ्यापासून काउंटरपर्यंत सगळं सांगितलं. एकदम गरम आहे, हे खोटं होतं, तेही सांगितलं. आईची मशीन थांबली. गळ्यातली टेप काढून ती बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"हाताला लागला तो दिला?"

"नाही गं. आधी रंग विचारला. इथे सगळ्यांनाच विचारतात."

"मापाच्या आधी?"

"मापाच्या आधी."

आईने टेप पुन्हा गळ्यात टाकली. मग म्हणाली, बाह्या लांब आहेत, आत दुमडून टाके घाल. कापू नकोस, तुझ्यानंतर कुणी उंच मुलगी घेईल. निळा आत घातलायस ना, तेही विचारून घेतलं. नवीने कॉलर बाजूला करून निळा कोट दाखवला. आईने पदराने चष्मा पुसला आणि त्या बाईला माझा सलाम सांग म्हणाली.

"आई, तुला कोणता हवा होता?"

"कधी?"

"तेव्हा. रांगेत."

आई हसली. काहीतरीच तुझं, आता कुणाला आठवतंय, असं म्हणत तिने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही जाईना.

"पिवळा," ती म्हणाली. "लहान कॉलरचा होता. माझ्या पुढे होती तिला गेला."