शिकाऊ संच

कारखान्यात भाड्याचा कॉम्प्युटर आला तो एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात. मशीन आलं, पण त्याला काम सांगायचं कसं? त्यासाठी कंपनी भोकं पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा वेगळा भाड्यानं देत असे. आपल्याला कोणती यादी कशा क्रमानं हवी ते लिहून द्यायचं, की तो गठ्ठा मशीनला समजेल असा हुकूम तयार करायचा. गठ्ठ्याचे दोन प्रकार होते. पूर्ण संच महिना बाराशे रुपये. शिकाऊ संच महिना दीडशे.

चेअरमनसाहेबांनी शिकाऊ घेतला. सगळे त्यांना अण्णा म्हणत. गेस्ट हाउसच्या कोंबड्यांवर महिन्याला बाराशे उडवणारा हा माणूस अक्कल विकत घ्यायची वेळ आली की काटकसरी होई.

शिकाऊ संचाला अटी होत्या. एका वेळी पाचशेपेक्षा जास्त नावं घेणार नाही. गठ्ठ्याची नक्कल काढायची नाही. खराब झाला तर बदली मिळणार नाही. खाली जबाबदार कर्मचारी म्हणून सही करायची होती. ती ऊसविभागातल्या गहिनीनाथानं केली.

गहिनीनाथ खर्ड्याकडचा, मॅट्रिक. इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलं आणि त्यातून तो हे काम शिकला. सभासद एकोणतीसशे, आणि संच घेणार पाचशे. त्यानं सभासदांचे सहा भाग केले. सहा याद्या काढायच्या आणि मग त्या हातानं एकात एक बसवायच्या. भादव्यात खोट्या नावांवर करून पाहिलं, जमलं.

यादी होती ऊसतोडीच्या पाळीची. ज्याची लागण, म्हणजे उसाची लावणी, आधी, त्याची तोड आधी, असा कारखान्याचा छापील नियम होता. प्रत्यक्षात तोड आधी कोणाची, तर डायरेक्टरांची, मग त्यांच्या सोयऱ्यांची, मग इलेक्शनला जीप दिलेल्यांची. गहिनीनाथाच्या छबूमावशीचा एकरभर ऊस गेल्या साली मे महिन्यात तुटला. निम्मं वजन उन्हानं खाल्लं होतं.

"मावशे, औंदा मशीन पाळी लावणार," त्यानं तिला सांगितलं होतं. "मशीनला सोयरं नसतं."

पंचिंगला, म्हणजे कार्डांना भोकं पाडायला, दिलावर होता. तो एकदा म्हणाला, "नाथा, गठ्ठ्याची एक नक्कल मारून ठिवू. दोन तासाचं काम. कोन बघतंय?"

"सही केलीय मी."

"सही केली म्हंजे लगीन लावलं का रं?"

गहिनीनाथानं ऐकलं नाही. खऱ्या नोंदींची शेवटची पत्रकं आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

खंडेनवमीला कारखान्यात सगळी हत्यारं पुजतात. फिटर पाने मांडतो, ड्रायव्हर बॉनेटला हार घालतो. गहिनीनाथानं कॉम्प्युटरला नुसतं फूल वाहिलं. ते लोखंड कंपनीचं, त्याला काय पुजायचं? आपलं हत्यार हा गठ्ठा. त्यानं पाट मांडला, गठ्ठ्याचं रबर काढलं आणि दोनशे चौदा कार्डांच्या कडेवर ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं ओढली. वर अक्षता टाकल्या, पळीभर पाणी शिंपडलं आणि हात जोडले. दिलावर मशीद-दर्ग्यातला माणूस, पण तोही बाजूला टोपी सावरून अदबीनं उभा राहिला. कार्डं कागदाची आहेत, पाण्यानं फुगतील, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

दसऱ्यानंतर गठ्ठा मशीनमध्ये घातला. फुगलेली कार्डं एकमेकांना चिकटली होती. मशीननं खर्रकन ओढली आणि तेहेतीस कार्डांच्या चिंध्या करून बाहेर टाकल्या. एक तांदूळ आतल्या चाकात अडकला होता.

पुण्याहून कंपनीचा माणूस आला. टाय, काळी बॅग.

"तुम्ही कार्डांवर पाणी घातलंत?"

"पूजा केली."

तो हसला नाही, तेवढी त्याची माणुसकी. "शिकाऊला बदली मिळत नाही. कलम अकरा."

"बॅगेत हाय ना गठ्ठा?"

"आहे. पण तो पूर्ण संच."

"दोन्हींत फरक काय?"

"पहिलं कार्ड. शिकाऊत त्यावर पाचशेची मर्यादा असते. बाकी तेच."

"एका कार्डाचे महिन्याला हजार रुपये?"

"कार्डाचे नाही हो. परवानगीचे."

गहिनीनाथ अण्णांकडे गेला. बॉयलर पेटायला आठ दिवस होते. अण्णा पान लावत होते.

"गहिनीनाथराव, मोडलं कोणी?"

"मी."

"मग कारखान्यानं का भरावं? यादी आम्ही करतो हातानं. पूर्वी करत नव्हतो का?" मग चुना पुसत म्हणाले, "छपाई तेवढी मशीनवर घ्या. पट्ट्यांचा कागद बरा दिसतो. नुसतं छापायला गठ्ठा लागत नाही म्हणे."

लागत नव्हता. सभासदांच्या नावांची कार्डं ज्या क्रमानं लावावी त्याच क्रमानं मशीन मुकाट छापायचं. दोनशे दहा रुपयांची नोकरी होती, घरात पाच तोंडं होती. अण्णांच्या यादीबरहुकूम गहिनीनाथानं कार्डं लावली आणि बटण दाबलं. कंपनी शिकाऊला बदली देत नाही आणि अण्णा पूर्ण घेत नाहीत. दोघांनी एकमेकांना न विचारता केवढं सोयीचं जमवलं होतं!

बॉयलर पेटला त्या सकाळी यादी ऑफिसच्या भिंतीवर लागली. पन्नासेक लोक जमले. छबूमावशी पदर सावरत पुढं आली.

"माजं कुठं हाय रं?"

त्यानं शेवटचं पान दाखवलं. "एप्रिल. तिसरा आठवडा."

"गेल्या सालच्या आषाढातली लागण माजी." त्यानं दाखवलेल्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "बरं. मशीननं लावलंय म्हनल्यावर आसंल काय तरी हिशेब. वस्तीला मी सांगून बसलीया, मशीनीत खोटं नसतं."

तिनं भांडण केलं असतं तर त्याला सोसलं असतं.

"मशीननं न्हाई लावलं, मावशे. अण्णांनी लावलं. मी छापलं."

खिडकीतून सुपरिंटेंडेंट राधाकृष्ण ओरडले, "गहिनीनाथ, आत या!"

तो गेला नाही. लागणीच्या तारखा कार्डांसाठी त्यानं स्वतः उतरवून दिल्या होत्या, पहिल्या पानावरच्या तर तोंडपाठ होत्या. पहिल्या पानावर बोट ठेवून तो मोठ्यानं वाचू लागला. "नाव एक, डायरेक्टर. लागण यंदाची जानेवारी, तोड नोव्हेंबर. नाव दोन, त्यांचा मेव्हणा. लागण फेब्रुवारी, तोड नोव्हेंबर. नाव तीन..."

सातव्या नावाला मागचे लोक हलू लागले. कोणी तंबाखू मळत निघाला, कोणी सायकल काढली. प्रत्येकाचा ऊस शेतात उभा होता आणि खिडकीतून राधाकृष्ण तोंडं बघत होते. अकराव्या नावाला भिंतीपाशी दोघंच उरली.

छबूमावशीनं त्याचं मनगट धरलं.

"बास कर, बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "एप्रिलचं मे करतील."