तिसरा ठक्

वर्लिन स्टट्झला गावात सगळे 'तीन ठक्' म्हणत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गाडीला जोडण्याआधी त्याच्या तोंडाशी कन्व्हर्टर, म्हणजे परातीएवढा एक जाडजूड लोखंडी डबा, फिरवत फिरवत आत सरकवावा लागतो. एक ठक्, दुसरा ठक् आणि तिसरा ठक् वाजला, की तो पंपाच्या खाचांत बसला. तिसरा ठक् न ऐकता बोल्ट आवळले, तर पंपाचा चुरा. ओहायोच्या त्या पंचक्रोशीत गाड्यांचं वेड असलेल्या प्रत्येकाला वर्लिनने हे ऐकवलं होतं. शनिवारी डायनर नावाच्या खानावळीच्या आवारात सगळे आपापल्या जुन्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या करत, आणि कोणी चुकलेला सापडला की वर्लिन भर गर्दीत विचारायचा, "काय रे, दोनपर्यंतच शिकलास का?"

त्याचा जिवाभावाचा दोस्त ऑर्व्हल हिवाळ्यात गेला. मागे बायको नदीन, शेडमधली बिनगिअरबॉक्सची निळी शेव्हरोलेट आणि अंगणात छप्पर कुजलेलं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर. नदीन वर्लिनला म्हणाली, "या धुडाचा गिअरबॉक्स काढ आणि ऑर्व्हलच्या गाडीत बसव. ते गाणं मला पुन्हा ऐकायचंय."

वर्लिनला कळलं. त्या अवजड गिअरबॉक्सचे दाते सरळ कापलेले, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरला तो बारीक सुरात विव्हळतो. दुसऱ्या कोणी कानात बोटं घातली असती. नदीनने त्या सुरावर मोटरहोममधून अकरा उन्हाळे नवऱ्याशेजारी बसून अर्धी अमेरिका पाहिली होती.

काम तसं सरळ होतं. मोटरहोमचा मागचा दांडा आणि शेपूट कारला चालत नाही. वर्लिनने ते काढून कारचं घातलं. तळाची ताटली उघडली तर तेल लालबुंद, स्वच्छ. फिल्टरवर खिळ्याने कोरलेलं होतं : 'मे महिन्यात बदललं. उघडणाऱ्याला सलाम. ऑर्व्हल.'  वर्लिनने नवा फिल्टर घातला आणि जुना पुसून फळीवर ठेवला.

कन्व्हर्टर बसवायच्या वेळी शेजारचा क्लेटस गप्पा मारायला आला, आणि वर्लिन त्याला कोणा बिचाऱ्याच्या फुटक्या पंपाची गोष्ट रंगवून सांगू लागला. सांगता सांगता हात चालत राहिले. पहिला ठक् झाला, दुसरा झाला. क्लेटस हसला, वर्लिनही हसला आणि बोल्ट आवळून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करताच आतून किंकाळी उठली. गाडी जागची हलेना. वर्लिनने गिअरबॉक्स खाली उतरवला. उघडलं, तर पंपाचे तुकडे.

नेमकी तेव्हाच नदीन सफरचंदाचा केक घेऊन शेडच्या दारात आली. मागोमाग क्लेटस.

"काय झालं रे?" नदीनने विचारलं.

क्लेटसकडे बघून वर्लिनची जीभ घसरली. "आतून जळलाय हा. ऑर्व्हलने तेल कधी बदललेलंच दिसत नाही."

 नदीन केक ठेवून निघून गेली. वर्लिनने तो खाल्ला नाही. त्याने फळीवरचा कारचा एक जुना गिअरबॉक्स शेव्हरोलेटमध्ये घातला. गाडी लोण्यासारखी चालू लागली, अगदी मुकाट.

शनिवारी नदीन ती घेऊन आवारात आली. कोणीतरी तोंड भरून गाडीची स्तुती केली, तशी ती म्हणाली, "गाडी छान आहे. माणूस खोटा निघाला. दर मे महिन्यात अंगावर तेल सांडून घरात यायचा, म्हणायचा, बदललं बघ. आता मला वाटतं, दुसरं काय काय खोटं सांगितलं असेल?" लोक ओशाळून बुटांकडे पाहू लागले. वर्लिनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वतःच्या फुशारकीपायी त्याने मेलेल्या दोस्ताला लबाड ठरवलं होतं, आणि तेही त्याच्या बायकोच्या तोंडून. तरी तो गप्पच राहिला. या गप्प राहण्याची लाज त्याला पुढे सगळ्यात जास्त वाटली.

रविवारी चर्च सुटल्यावर तो ऑर्व्हलचा जुना फिल्टर घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेला. तिने चष्मा लावून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"पंप मी फोडला, नदीन. तिसरा ठक् मोजला नाही."

"आठ दिवस मी त्याचा फोटो पालथा ठेवलाय, वर्लिन," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं वर्लिनला वाटलं. ती पुढे म्हणाली, "मी चारचौघांत बोलले. तूही चारचौघांत बोल."

पुढच्या शनिवारी तो बोलला. टोपी हातात घेऊन, सगळं. क्लेटसनेही 'दोनपर्यंतच शिकलास का' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वर्लिनला हलकं तरी वाटलं असतं.

मोटरहोमच्या गिअरबॉक्सला नवा पंप घालून तो पुन्हा बसवायला घेतला, तेव्हा नदीन शेडमध्ये खुर्ची टाकून बसली. कन्व्हर्टर फिरू लागला.

"एक," ती मोठ्याने म्हणाली. "दोन." वर्लिनने हात थांबवला, श्वास रोखला, पुन्हा हलकेच फिरवलं. ठक्.

"तीन. आता आवळ."

गिअरबॉक्स गाडीखाली जोडून झाला. ताटली लावायची तेवढी राहिली होती. नदीनने पिशवीतून नवा फिल्टर काढला आणि सोबत एक खिळा.

"लिही."

"अगं, सगळ्यांदेखत सांगितलं ना मी?"

"ते सगळे म्हातारे आहेत. हा गिअरबॉक्स पुढे कोणी उघडेल, तेव्हा आपल्यातलं कोणी नसेल. ऑर्व्हल त्याच्याशी खरं बोलला असता."

वर्लिनने फिल्टर मांडीवर घेतला. एकेक अक्षर त्याने दोनदा कोरलं : 'पहिला पंप माझ्या हातून फुटला. मी ऑर्व्हलचं नाव सांगितलं. वर्लिन स्टट्झ.'

नदीनने ते वाचलं आणि ताटलीचे बोल्ट एकेक करून त्याच्या हातात दिले.