दोन्ही बशांची लागण

शेजारी टेकला की थांबावं, एवढी रीत देवाने पेशीलाही शिकवली आहे. काचेच्या बशीत पेशी पसरतात, एकमेकींना भिडतात आणि गपगार होतात. माकडाच्या अंगातला गाठी करणारा विषाणू आत शिरला की मात्र ही रीत सुटते, आणि त्या एकमेकींच्या डोक्यावर चढू लागतात.

प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई आणि त्यांची सहायक ही सख्खी नणंद-भावजय. नणंदेपुढे दोन बशा होत्या, दोन्हींत तिच्याच दंडाच्या कातडीतल्या पेशी. एकीत विषाणू घालायचा, दुसरी तुलनेसाठी कोरी ठेवायची. आणि कोऱ्या बशीतही ढीग चढले होते.

तिची आई गाठीनेच गेली होती.

"वहिनी, माझ्या पेशी आपल्या आपणच बिघडल्यात."

"काहीतरी अभद्र बोलू नका, वन्सं! विषाणू घातल्यावर बिघडणारच की."

"कोऱ्या बशीत कुठला विषाणू?"

"कोरी कुठली? तुम्हीच म्हणालात, दोन्ही बशांची लागण कर. केली."

"अगं, लागण म्हणजे लावणी! उसाची करतात तशी. पेशी लाव म्हणत होते मी!"

"मी डॉक्टरांच्या घरातली. आमच्याकडे लागण झाली की माणूस अंथरूण धरतो."

नणंदेला हसू येईना. वहिनीचा स्वभाव तिला ठाऊक होता. दुसऱ्याला धीर द्यायला ही माउली खुशाल नसलेली चूक अंगावर घेईल.

"खरं सांग. माझ्या गळ्याची शपथ."

"शपथ कशाला? रंग घालून बघा."

तो रंग विषाणूच्या प्रथिनालाच चिकटतो आणि खास दिव्याखाली हिरवा चमकतो. रंग घालून नणंद ती कोरी बशी तिसऱ्यांदा धुऊ लागली, तेव्हा वहिनीने ती काढून घेतली. खोलीतले दिवे मालवले.

"तूच बघ. माझ्याच्याने होत नाही."

"मी बघून सांगितलं तर तुम्हाला पटणार आहे का?"

नणंदेने श्वास रोखून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसता काळोख. मग भिंग सरकलं, आणि पेशीपेशीच्या पोटात हिरवा ठिपका पेटलेला दिसला.

"आहे गं बाई. आहे!"

"म्हणजे तुमच्या पेशी निर्दोष!"

"एवढ्यात नाही. फाशी टळली, पण खरीच कोरी बशी लावून खटला पुन्हा चालवायचा." तिने डोळे पुसले. "त्याआधी तुझा कान पिळायचाय."

वहिनीने अंधारातच कान पुढे केला.